एका गोळीने का भागत नाही?

प्रश्न : माझे वडील 62 वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. घरी सोडताना रक्त पातळ करण्याच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. गेल्या महिन्यात दाढी करताना कापलं आणि रक्त बराच वेळ थांबेना, तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतली आहे. ‘दोन कशाला, एक बास’ असं म्हणून ते दुसरी गोळी दिवसाआड घेतात. शेजारच्या काकांनी स्टेंटनंतर सहा महिन्यांत दुसरी गोळी बंद केली आणि ते ठणठणीत आहेत, हा त्यांचा मुद्दा. एका गोळीने खरंच भागत नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तातडीचं सांगतो. वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा आणि गोळी दिवसाआड घेतली जात होती हे स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. तोवर दोन्ही गोळ्या कागदावर लिहिल्या आहेत तशाच, रोज चालू ठेवा. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या गोळ्यांमध्ये खंड पडणं हे स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याचं मोठं कारण आहे, आणि ते टाळणं आपल्या हातात असतं.

आता दोन कशाला, ते पाहू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साठत जाते आणि तिच्यावर पातळ आवरण तयार होतं. दुधावरची साय फाटावी तसं हे आवरण एखाद्या ठिकाणी फाटलं की आतला ऐवज रक्तासमोर उघडा पडतो. शरीराच्या लेखी ही जखमच. कुठलीही जखम बुजवायला सर्वांत आधी धावतात त्या प्लेटलेट्स. डेंग्यूमुळे त्यांचं नाव आता घरोघरी ठाऊक आहे. त्या फाटलेल्या जागी चिकटतात, फुगतात आणि आणखी प्लेटलेट्सना बोलावणारी रसायनं सोडतात. बोटाला कापलं तर हे वरदान आहे. तीन मिलिमीटरच्या नळीत मात्र काही मिनिटांत वाट बंद होते.

हे आज सरळ वाटतं, पण 1970 च्या दशकापर्यंत गुठळी हे झटक्याचं कारण की परिणाम यावर डॉक्टरांमध्ये खरोखरचा वाद होता. अमेरिकेतल्या मार्कस डीवुड यांनी झटका सुरू झाल्यावर चार तासांच्या आत रुग्णांची अँजिओग्राफी केली आणि 1980 मध्ये निष्कर्ष छापले. अशा 87 टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद आढळली. वाद तिथेच मिटला आणि गुठळीवरच्या उपचारांना वेग आला.

प्लेटलेट्स एकमेकींना बोलावतात ते एकाच रसायनाने नाही. त्यातली दोन आपल्या कामाची. एक थ्रॉम्बॉक्सेन, दुसरं एडीपी. ॲस्पिरिन पहिल्याची निर्मिती बंद करते. क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर आणि प्रासुग्रेल या दुसऱ्या गटातल्या औषधांपैकी जे वडिलांना दिलं असेल ते एडीपीचा निरोप प्लेटलेटपर्यंत पोचू देत नाही. एक मार्ग अडवला तर दुसऱ्याने काम चालू राहतं, म्हणून दोन गोळ्या. एकीचा डोस वाढवून दुसरीचं काम होत नाही. ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅमऐवजी दुप्पट घेतली तर पोटाला त्रास आणि रक्तस्राव वाढेल, पण एडीपीचा मार्ग उघडाच राहील.

ॲस्पिरिनची आणखी एक गंमत समजून घेण्यासारखी आहे. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, त्यामुळे ॲस्पिरिनने निकामी केलेलं एन्झाइम तिला पुन्हा बनवता येत नाही. ती प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. म्हणूनच एवढीशी गोळी दिवसातून एकदा पुरते. आणि म्हणूनच ‘एक दिवस राहिली तर काय बिघडतं’ असं लोकांना वाटतं. पण रोज सुमारे दहा टक्के प्लेटलेट्स नव्या कोऱ्या तयार होतात, त्यांना औषध माहीतच नसतं. वडील जी दुसरी गोळी दिवसाआड घेतात ती टिकाग्रेलॉर असेल तर प्रश्न आणखी गंभीर आहे. ती प्लेटलेटला कायमची बांधून ठेवत नाही, तिचा अंमल तासांत मोजावा लागतो. म्हणून ती दिवसातून दोनदा असते. दिवसाआड घेतलेली टिकाग्रेलॉर म्हणजे दर दोन दिवसांतला बराच काळ संरक्षण नाहीच.

दाढीच्या जखमेबद्दल. ती भीती मी मुळीच हलकी मानत नाही. पण औषधाचा हाच गुण आहे ज्यातून ॲस्पिरिनचा हृदयासाठीचा उपयोग सुचला. कॅलिफोर्नियातले लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर टॉन्सिल्स काढलेल्या रुग्णांना दुखू नये म्हणून ॲस्पिरिन असलेलं च्युइंग गम देत. ते जास्त चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो हे त्यांच्या लक्षात आलं. जे औषध जखमेतलं रक्त साकळू देत नाही, ते हृदयाच्या धमनीतही साकळू देणार नाही, असा विचार करून त्यांनी 1950 च्या सुमारास आपल्या रुग्णांना ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली आणि त्यावर लिहिलं. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे त्यांचं म्हणणं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. ॲस्पिरिन नेमकं काय करते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, त्या कामासाठी 1982 चं नोबेल मिळालं. पक्का पुरावा यायला 1988 उजाडलं. आयसिस-2 नावाच्या चाचणीत 17,187 रुग्ण होते. झटक्यानंतर महिनाभर ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पाच आठवड्यांतले मृत्यू शंभरात सुमारे बारावरून नवावर आले. इतक्या स्वस्त गोळीने!

त्याच चाचणीतली एक गोष्ट शेजारच्या काकांच्या संदर्भात सांगावीशी वाटते. निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापायचा तर वेगवेगळ्या पोटगटांचे आकडे द्या, अशी मागणी झाली. संशोधकांनी ते दिले, आणि सोबत जन्मतारखेवरून ठरणाऱ्या पाश्चात्त्य राशींनुसारही रुग्णांची विभागणी करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने फायदा होण्याऐवजी थोडं नुकसानच झाल्याचं दिसलं! अर्थात त्यात तथ्य नव्हतं. मोठ्या समूहाचे छोटे तुकडे केले की योगायोगानेही काहीही दिसू शकतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. शेजारचे एक काका हा सर्वांत छोटा तुकडा. शिवाय त्यांचा स्टेंट झटका आल्यावर बसवला की चालताना छातीत भरून यायचं म्हणून तारीख ठरवून बसवला, हे विचारून पाहा. ठरवून बसवलेल्या स्टेंटनंतर दुसरी गोळी साधारणपणे सहा महिनेच देतात. झटक्यानंतर मात्र नेहमीचा काळ बारा महिन्यांचा आहे, कारण तिथे फक्त स्टेंटची राखण करायची नसते. एका जागी आवरण फाटलं, त्या माणसाच्या इतर धमन्यांतही तशीच कच्ची ठिकाणं असू शकतात. म्हणूनच झटक्यानंतर स्टेंट न बसवलेल्यांनाही सहसा दोन गोळ्या देतात.

दुसऱ्या गोळीचा हिशेब 2001 च्या ‘क्युअर’ चाचणीत मांडला गेला. 12,562 रुग्ण, सगळ्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना सोबत क्लोपिडोग्रेल. मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांचं प्रमाण 11.4 वरून 9.3 टक्क्यांवर आलं. मोठा रक्तस्राव 2.7 वरून 3.7 टक्क्यांवर गेला. म्हणजे शंभर माणसांमागे दोघे वाचले आणि एकाला जास्तीचा मोठा रक्तस्राव झाला. 2009 च्या ‘प्लेटो’ चाचणीत टिकाग्रेलॉर क्लोपिडोग्रेलपेक्षा सरस ठरलं. एक कारण असं, की क्लोपिडोग्रेल पोटात गेल्यावर यकृताने त्याचं रूपांतर करावं लागतं, तरच ते काम करतं. काही माणसांत हे रूपांतर जन्मतःच मंद असतं, आणि आपल्याकडे अशी माणसं युरोपपेक्षा जास्त आढळतात. टिकाग्रेलॉरला हा अडथळा नाही. मात्र त्याने काहींना धाप लागल्यासारखं वाटतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत. तो हृदयाचा त्रास समजून लोक घाबरतात, किंवा वैतागून गोळी सोडतात. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं.

हा हिशेब कायम सारखा राहत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पुन्हा गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त, मग उतरत जातो. रक्तस्रावाचा धोका गोळ्या चालू आहेत तोवर राहतोच. 2019 च्या ‘ट्वायलाइट’ चाचणीत स्टेंटनंतर तीन महिने दोन्ही गोळ्या दिल्या. त्या काळात ज्यांना काही त्रास झाला नाही, त्यांच्यापैकी निम्म्यांची ॲस्पिरिन थांबवून फक्त टिकाग्रेलॉर ठेवलं. त्यांच्यात रक्तस्राव बराच कमी झाला आणि झटके वाढले नाहीत. म्हणजे वडिलांची ‘एक बास’ ही इच्छा अगदीच अवाजवी नाही. त्यांचं वय, वजन, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचं काम, पूर्वीचा अल्सर हे पाहून कोणती गोळी कधी थांबवायची हे ठरवता येतं. ते ठरवायचं मात्र डॉक्टरांनी, आणि कोणती ठेवायची हेही. भेटाल तेव्हा थेट विचारा: कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत? ती तारीख फाइलवर लिहून घ्या. ही तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक छापलेली असावी असं माझं ठाम मत आहे. ती नसल्यामुळे काही जण चार महिन्यांत गोळी सोडतात आणि काही जण चार वर्षं विनाकारण दोन्ही घेत राहतात.

एक खबरदारी. आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. ‘एक गोळी कमी केली’ असं म्हणताना तिन्ही औषधं एकदम बंद झालेली असू शकतात. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा किंवा औषधवाल्याला विचारा.

आणि दाढीसाठी इलेक्ट्रिक रेझर आणून द्या. कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरायचं, मध्ये उचलून पाहायचं नाही. काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, लघवीत रक्त, डोक्याला मार लागणं यांपैकी काही झालं तर मात्र गोळ्यांचा निर्णय घरी न करता लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : अटॅकनंतर आईला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. शेजारच्या वहिनींनाही ‘रक्त पातळ’ची गोळी आहे आणि त्यांना मेथी-पालक जपून खायला सांगितलंय. आईची पालेभाजी बंद करू का? ती तिला फार आवडते.
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : बंद करू नका. वहिनींना बहुधा वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमरॉल हे औषध असावं. ते झडप बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णांना देतात, आणि त्यासाठी वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो ते, तपासावं लागतं. ते प्लेटलेट्सवर काम करत नाही. के जीवनसत्त्वाच्या मदतीने यकृतात रक्त साकळवणारी प्रथिनं बनतात, त्या कामात ते आडकाठी करतं. पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर, म्हणून भाजी एकदम वाढली की औषध उणं पडतं. त्यांनीही भाजी सोडायची नसते, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं.

हे औषध गुरांच्या आजारातून आलं. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात गोड क्लोव्हर नावाचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न साकळलेल्या रक्ताने भरलेली किटली घेऊन विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षं खपून चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं केलं. त्याचंच पुढचं रूप वॉरफरिन. ते आधी उंदरांचं विष म्हणून विकलं गेलं, मग माणसांना दिलं जाऊ लागलं. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही ते दिलं होतं.

मग झटक्यानंतर आता तेच का देत नाहीत? स्टेंट नवे होते तेव्हा ॲस्पिरिनसोबत वॉरफरिनसारखी औषधंच देत. रक्तस्राव फार होई आणि तरीही स्टेंट बंद पडत. 1990 च्या दशकात मिलानचे अंतोनियो कोलंबो, म्युनिकचे ॲल्बर्ट शोमिग आणि इतरांनी दाखवून दिलं की स्टेंटसाठी प्लेटलेट्सना रोखणाऱ्या दोन गोळ्या जास्त उपयोगी आणि जास्त सुरक्षित आहेत. आईच्या गोळ्या त्या परंपरेतल्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर यांचा मेथीशी काही संबंध नाही. फोडणीतला लसूण आणि हळदही चालेल. लसणाच्या किंवा कर्क्युमिनच्या तयार कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. खरी भीती आहे ती गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचं कामही अडवतं. आईला दुखलं तर पॅरासिटामॉल द्या. पित्ताची गोळी बदलायची असेल तरी विचारा: क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल टाळून पँटोप्राझोल देतात.

प्रश्न : आमच्या घरी कांदा-लसूणही चालत नाही. आजोबांना अटॅकच्या वेळी पोटाच्या कातडीत जी इंजेक्शनं दिली ती डुकरापासून बनवतात असं कळलं. खरं आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खरं आहे. हेपारिन आणि त्यापासून बनवलेलं एनोक्झापॅरिन डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरातून काढतात. 1916 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त साकळवणारी द्रव्यं शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याला नेमकं उलटं काम करणारं द्रव्य मिळालं. आजही जगभरातलं बहुतेक हेपारिन प्राण्यांपासूनच येतं.

झटक्याच्या पहिल्या दिवसांत ते लागतं याचं कारण असं, की प्लेटलेट्सचा थर जमल्यावर त्यावर फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि गुठळी घट्ट होते. गोळ्या प्लेटलेट्स सांभाळतात, इंजेक्शन हे विणकाम थांबवतं. पूर्णपणे कारखान्यात, प्राण्यांशिवाय तयार होणारा पर्यायही आहे: फोंडापॅरिनक्स. 2006 च्या ‘ओएसिस-5’ चाचणीत ईसीजीवर मोठा बदल न दिसणाऱ्या झटक्यांमध्ये त्याने रक्तस्राव एनोक्झापॅरिनच्या निम्म्यावर आला. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ते चालत नाही, आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी त्याच्या जोडीला हेपारिन द्यावंच लागतं. घरातल्यांच्या श्रद्धेचा प्रश्न असेल तर दाखल करतानाच तो डॉक्टरांपुढे ठेवा, शक्य तिथे ते नक्की विचार करतील. पण मध्यरात्री जे हाताशी असेल ते द्यावं लागलं तर आजोबांचा जीव आधी, असं मी म्हणेन. आजोबांच्या बाबतीत घेतलेल्या निर्णयाची टोचणी मनात ठेवू नका.

प्रश्न : छातीत दुखू लागलं तर घरीच ॲस्पिरिन द्यावी का? आणि मला 56 वर्षं झाली, काही त्रास नाही, तर रोज एक घेत राहू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी: नको. 2018 मध्ये निरोगी किंवा झटका न आलेल्या हजारो माणसांवरच्या तीन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी ‘ॲस्प्री’ चाचणीत बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे होते. रोजच्या ॲस्पिरिनने त्यांचे हृदयविकार कमी झाले नाहीत, रक्तस्राव वाढला. ज्यांच्या धमनीत गुठळी झालेली आहे त्यांचा हिशेब वेगळा आणि तुमचा वेगळा. तुम्ही रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, तंबाखू असेल तर सोडा.

पहिल्याचं उत्तर: छातीच्या मध्यभागी दाब, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, घाम, कासावीस होणं असं असेल तर सर्वांत आधी 108 ला फोन. मग ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा कुठून रक्तस्राव नसेल, तर 300 ते 325 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. 75 ची गोळी असेल तर चार. नुसती गिळू देऊ नका, वरचं आवरण विरघळायला वेळ जातो. दुखणं पाठीत चिरत गेल्यासारखं असेल, किंवा अर्धं अंग लुळं पडलं, बोलणं अडखळलं, तर ॲस्पिरिन देऊ नका. मोठी धमनी फाटणं किंवा मेंदूतला रक्तस्राव अशा वेळी ती घातक ठरते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही रक्त पातळ करणारी गोळी नाही. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्याने रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आधी सांगून ठेवली असेल तरच, आणि बसवूनच द्या. रुग्णाने स्वतः गाडी चालवत जायचं नाही. आणि ॲस्पिरिनने दुखणं थांबलं तरी रुग्णालयात जायचंच, तिथे ईसीजी आणि हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी ट्रोपोनिनची तपासणी होते.

प्रश्न : स्टेंटनंतर दोन गोळ्या चालू आहेत. दात काढायचा आहे, तर किती दिवस आधी बंद करू? आणि पावसाळ्यात डेंग्यू झाला तर?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दातासाठी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. साधा दात गोळ्या चालू असताना काढता येतो. दंतवैद्य टाके घालून, कापसाचा बोळा दाबून धरून रक्त थांबवतात. त्यांना गोळ्यांची नावं आधी सांगा. मोठी शस्त्रक्रिया असेल आणि ती थांबू शकत असेल तर स्टेंटला पुरेसे महिने होईपर्यंत पुढे ढकलतात.

डेंग्यूत इतरांना ॲस्पिरिन अजिबात देत नाहीत. तुमचं तसं सरसकट नाही. ताप आला की लगेच रक्त तपासा आणि स्टेंट कोणत्या तारखेला बसवला ते डॉक्टरांना सांगा. प्लेटलेट्स किती आहेत, कुठून रक्त येतंय का आणि स्टेंट किती ताजा आहे, हे तिन्ही पाहून दोन्ही गोळ्या चालू ठेवायच्या, एक ठेवायची की थोडे दिवस दोन्ही थांबवायच्या हे ठरतं. त्यासाठी दाखल व्हावं लागलं तर व्हा, आणि तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा नंबर तापाच्या डॉक्टरांना द्या, म्हणजे दोघं आपसांत बोलतील.